फॉरवर्ड आलेला आरोग्याचा सल्ला आणि आपले औषध

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले. अशा टोळीच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या.

लोक अशा मेसेजवर विश्वास का ठेवतात? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत याचा अभ्यास केला. २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार मूळ कारण अडाणीपणा नसून मनात आधीच असलेला पूर्वग्रह हे आहे.

आरोग्याच्या मेसेजबाबतही शिक्षणावर फार विसंबू नये. २०२० मध्ये अमेरिकेत १,७०० हून अधिक लोकांवर कोविडच्या बातम्यांबाबत अभ्यास झाला. बातमी खरी की खोटी, असे थेट विचारल्यावर लोकांना फरक बऱ्यापैकी कळत होता. पुढे पाठवताना मात्र तो विचारच मनात येत नव्हता. आधी एका साध्या प्रश्नाने खरेखोटेपणाची आठवण करून दिली, तेव्हा त्यांची निवड सुधारली.

दवाखान्यात मला पूर्वग्रहापेक्षा भीती जास्त दिसते. ‘बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हा मेसेज पटतो, कारण आयुष्यभर गोळी कोणालाच नको असते. शिवाय तो मामांनी किंवा नणंदेने काळजीपोटी पाठवलेला असतो. प्रत्यक्षात उलट आहे: वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब आणि साखर हीच किडनी खराब होण्याची मोठी कारणे आहेत. बीपीच्या काही गोळ्या तर मधुमेहींच्या किडनीचे रक्षण करतात.

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो अनेक हातांतून आलेला आहे, एवढेच कळते. खरा की खोटा ते नाही. ‘औषध बंद करा’ असे सांगणारा कोणताही मेसेज डॉक्टरांना दाखवा. आम्ही रागावू या भीतीने लपवू नका. (काही डॉक्टर रागावतात, हेही खरे.)

आधीच काही बंद केले असेल, तर कोणते आणि कधीपासून ते स्पष्ट सांगा. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवणे जीवघेणे ठरते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसल्यास रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या.