‘वतन’ : कायद्यातला शब्द आणि आपली जमीन

‘वतन’ हा मूळ अरबी शब्द. गाण्यांत तो मायभूमीसाठी येतो. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वतन कायद्यात मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे : वंशपरंपरेने चालणारे गावकीचे काम आणि त्या कामापोटी लावून दिलेली मिळकत व हक्क.

पाटलाचेही वतन आणि महाराचेही वतनच. पण एकाला त्यातून गावची सत्ता मिळाली आणि दुसऱ्याला रात्रंदिवस राबण्याची सक्ती. जमिनीच्या तुकड्याने आपल्या माणसांना गावाशी जखडून ठेवले. म्हणूनच बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले, पण लढा थांबला नाही.

१९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. त्या कायद्याच्या नावातही आपली वतने ‘कनिष्ठ’च! सक्तीची चाकरी संपली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन पुन्हा मिळण्याची सोय झाली. पण अट राहिली : जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण नाही.

काहींना ही अट जाच वाटते. आम्ही तिला कुंपण मानतो. कवडीमोलाने जमिनी लाटणाऱ्यांना ती आडवी येते. म्हणून तरुणांनो, आजच सातबारा काढा, जुने फेरफार वाचा. आजोबांनी वेठ करून राखलेली जमीन आज कोणाच्या नावावर आहे, ते तपासा.

जयभीम!