तीन अक्षरांचा एक सेकंद

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना आपण प्रेक्षकाला बहुधा मुका धरतो. तो पाहतो, त्याची मोजदाद होते, विषय संपला. जपानमधल्या एका रात्रीची नोंद या समजुतीत बसत नाही.

2 ऑगस्ट 2013, शुक्रवार. निप्पॉन टेलिव्हिजनवर हायाओ मियाझाकी यांचा 'लापुता' हा चलच्चित्रपट लागला होता. चित्रपट 1986चा, दूरचित्रवाणीवर अनेकदा दाखवलेला, कित्येकांना तोंडपाठ. शेवटाकडे शीता आणि पाझू ही दोन मुले हातात हात धरून विनाशाचा मंत्र उच्चारतात, 'बारुसु', आणि आकाशात तरंगणारा किल्ला ढासळू लागतो. जपानी लिपीतही अक्षरे तीनच. रात्री 11 वाजून 21 मिनिटे 50 सेकंदांनी ती तीन अक्षरे घरोघरी टंकली गेली. त्या एका सेकंदात ट्विटरवर 1,43,199 संदेश आले. एरवीची सरासरी सेकंदाला 5,700च्या आसपास, आणि तीही साऱ्या जगाची!

हा खेळ प्रेक्षकांनी आधीच रुजवला होता. 9 डिसेंबर 2011च्या प्रक्षेपणात याच मंत्राने 25,088चा उच्चांक केला होता. 2010च्या फुटबॉल विश्वचषकात ट्विटरची यंत्रणा वारंवार कोलमडली, म्हणून तिची रचनाच पुढे बदलण्यात आली. 2013च्या त्या सेकंदाला ती डगमगली नाही, हे कंपनीने अभिमानाने जाहीर केले.

मला त्या आकड्यापेक्षा त्यामागचे घड्याळ महत्त्वाचे वाटते. समाजमाध्यमांवर प्रत्येकजण आपले वेगळे म्हणणे मांडतो, असे आपण समजतो. इथे लाखभर लोक एकच शब्द लिहीत होते, आरतीत टाळी पडावी तसा. चित्रपटाची डीव्हीडी घरात असली तरी ती एकट्याने, हव्या त्या वेळी बघायची. सगळ्यांचा एकच सेकंद जमवला तो जुन्या, वेळापत्रकाने बांधलेल्या प्रक्षेपणाने. आपल्याकडे 1987-88 साली रविवारी सकाळी 'रामायण' असेच एका वेळी पाहिले जाई. बोलणे मात्र त्या खोलीपुरतेच राही.

ऑक्टोबर 2013मध्ये नील्सनने अमेरिकेत ट्विटरवरच्या चर्चेवरून कार्यक्रमांचे मापन सुरू केले. जाहिरातदारांना बोलका प्रेक्षक हवाच होता. पण अशा तक्त्यात 'बारुसु' कुठे मांडणार? ती ना स्तुती, ना टीका. लिहिणाऱ्यांना फक्त किल्ला पाडायचा होता, आणि पुढच्या प्रक्षेपणात तो पुन्हा उभा राहणार हे त्यांना ठाऊक होते.