होडीच्या पोटात मावणारी डोलकाठी

शिडाच्या नौकांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा वाऱ्याचा आणि वेगाचा विचार करतात. कोणते शीड कोणत्या वाऱ्याला किती उपयोगी पडते याची चर्चा ते विस्ताराने करतात. परंतु नौका चालत नसते त्या वेळी तिची डोलकाठी, शीड आणि दोरखंड ठेवायचे कोठे, आणि पुन्हा निघायचे झाल्यास ते उभारण्यास किती अवधी व किती माणसे लागणार, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. लहान होड्यांपुरते बोलायचे तर त्यांच्या शिडांना आजचे रूप येण्यास हा दुसरा प्रश्नच अधिक कारणीभूत झाला आहे, असे माझे मत आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न वर्षातून एकदाच उपस्थित होत असे. पावसाळा तोंडावर आला म्हणजे गलबते खाडीच्या आश्रयाला ओढून घ्यावीत, शिडे उतरवावीत, वर झापांचे छप्पर शाकारावे, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की सारा साज पुन्हा चढवावा, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. वर्षाकाठी एकदा करावयाच्या कामाला चार दिवस अधिक लागले तरी कोणाची हरकत नसे. सबब त्रिकोणी शीड जिला बांधलेले असते ती तिरपी काठी, जी पुष्कळदा गलबताच्या लांबीशी बरोबरी करी, आखूड करण्याचे कोणालाही प्रयोजन वाटले नाही.

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक परगण्यातील नद्यांवर मात्र परिस्थिती अगदी निराळी होती. तेथील मालवाहू नौकांना ‘व्हेरी’ म्हणत. तिच्यावर एकच मोठे काळे शीड असे आणि ती हाकण्यास एक माणूस व हाताखाली एक पोरगा एवढी माणसे पुरे समजली जात. या नद्यांवर जुने, ठेंगणे दगडी पूल आहेत. पॉटर हायगम येथील पुलाची कमान तर इतकी बुटकी की उभ्या डोलकाठीने तिच्याखालून जाण्याची कल्पनाही करवत नाही. प्रत्येक पुलापाशी थांबून, काठावर चार माणसे जमवून डोलकाठी उतरवावी तर मालाचे भाडे मजुरीतच खर्ची पडावे. तेव्हा तेथील कारागिरांनी अशी तजवीज केली की डोलकाठी दोन भक्कम खांबांच्या मध्ये एका आडव्या कण्यावर तोलून बसवावी आणि तिच्या बुडाशी टनाहून अधिक वजनाचे शिसे जखडावे. नाळेकडील एक दोर सैल केला की ती प्रचंड काठी सावकाश मागे आडवी होई, नौका आपल्याच वेगाने पुलाखालून सरके, आणि पलीकडे बाहेर पडताच तोच एकटा माणूस ती पुन्हा उभी करी. काठीला बाजूने आधार देणारे ताण मुळीच नसत, आणि शीड चढवण्याचा दोरही एकच असे. त्यामुळे सोडण्या-बांधण्याचा व्याप फार थोडा राही. 1898 साली बांधलेली ‘अ‍ॅल्बियन’ ही व्हेरी 1949 मध्ये स्थापन झालेल्या एका न्यासाने जतन केली आहे, आणि ही सारी क्रिया तिच्यावर आजही पाहता येते. गणिताची एकही पोथी न उघडता समतोलाचा असा निर्दोष उपयोग करणाऱ्या त्या अनाम सुतारांविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो.

मोठ्या जहाजांवरील होड्यांची अडचण आणखी वेगळी. जहाजाच्या कडेला टांगून ठेवलेल्या होडीत तिचा सारा साज तिच्या पोटातच मावला पाहिजे. होडीहून लांब काठी ही तेथे केवळ अडगळ. ‘गंटर’ पद्धतीचे शीड अशा ठिकाणी विशेष सोयीचे पडले, आणि ब्रिटिश आरमाराच्या 27 फुटी व्हेलर होड्यांवर ते दीर्घकाळ वापरात होते. या पद्धतीत डोलकाठी आखूड असते. शिडाची वरची कड दुसऱ्या एका काठीला बांधलेली असते, आणि दोर ओढला म्हणजे ही दुसरी काठी डोलकाठीला बिलगून जवळजवळ सरळ उभी राहते. दोहोंची मिळून उंची एका मोठ्या डोलकाठीइतकी भरते, पण दोर सोडताच दोन्ही काठ्या होडीच्या लांबीत निजतात.

आरमाराची ही युक्ती सामान्य गृहस्थाच्या दारी येण्यास दुसरे महायुद्ध संपावे लागले. 1950 साली ब्रिटनमधील पेट्रोलचे नियंत्रण उठले, मध्यमवर्गीय कुटुंबांत मोटारी येऊ लागल्या, आणि ज्यांना क्लबाची वर्गणी किंवा धक्क्यावरील जागेचे भाडे झेपणारे नव्हते अशांनाही रविवारी सकाळी पाण्यावर जावेसे वाटू लागले. कोकणातील नाखव्याला वर्षातून एकदा करावे लागणारे काम या लोकांना दर आठवड्याला, तेही बायकामुलांच्या मदतीने करायचे होते. जॅक होल्ट या आरेखकाने ही निकड अचूक ओळखली. 1951 मध्ये त्याने मोटारीच्या टपावरून नेता येईल अशी एक छोटी होडी आखली. पुढे ‘हेरॉन’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या त्या होडीला त्याने बुद्ध्याच गंटर शीड दिले.

परंतु या विचाराची खरी परिणती झाली ती 1963 साली, ‘मिरर’ या होडीत. दूरचित्रवाणीवर घरदुरुस्तीचे धडे देणारा बॅरी बकनेल याची कल्पना, होल्टचे आरेखन आणि ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राचा पाठिंबा अशा त्रिवेणी संगमातून ती जन्मास आली. लांबी अवघी 10 फूट 10 इंच. नाळ टोकदार न ठेवता बोथट चौकोनी केलेली. प्लायवूडचे तक्ते तांब्याच्या तारेने टाचून सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची, एवढेच तिचे बांधकाम, जे घरच्या घरी कोणालाही साधावे. सुट्या भागांच्या संचाची किंमत 63 पौंड 11 शिलिंग होती. तिची डोलकाठी, वरची काठी आणि शिडाच्या तळाची आडवी काठी या तिन्ही होडीहून आखूड असल्यामुळे सर्व काही आत घालून दोन माणसांनी ती मोटारीच्या टपावर चढवावी आणि संध्याकाळी घराच्या कोपऱ्यात ठेवून द्यावी. तांबड्या शिडांच्या या होडीच्या सत्तर हजारांवर प्रती जगभर बांधल्या गेल्या. वृत्तपत्राच्या नावाचे तिला साहाय्य झाले हे खरेच; तथापि डोलकाठी जर पंधरा-सोळा फुटांची असती तर यांपैकी पुष्कळशी कुटुंबे पाण्यापर्यंत पोहोचलीच नसती, याविषयी मला शंका वाटत नाही.

 

1971 साली जनतेसमोर आलेल्या ‘लेझर’ या होडीने याच प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. तिचा आरेखक ब्रूस कर्बी याने तिची डोलकाठी दोन तुकड्यांत विभागली. एक तुकडा दुसऱ्यात बसवायचा, त्यावर शिडाची शिवलेली बाही मोज्यासारखी चढवायची आणि काठी भोकात उभी करायची. ताणाचा एकही दोर नाही. एकट्या माणसाला काही मिनिटांत पाण्यावर नेणारी याहून सुटसुटीत रचना मी पाहिलेली नाही.

गंटर शिडात दोष नाहीत असे नाही. दोन काठ्यांचा सांधा थोडा हलतो, शिडाची पुढची कड पुरेशी ताठ राहत नाही, आणि त्यामुळे वाऱ्याच्या तोंडाशी जाताना अखंड डोलकाठीची होडी पुढे निघून जाते. शर्यतीत भाग घेणारांची हीच तक्रार होती, आणि 2006 मध्ये मिररच्या नियमांत फेरफार करून अखंड डोलकाठीच्या शिडालाही मुभा देण्यात आली. शर्यतीपुरता तो निर्णय रास्तच होता. परंतु ज्या कुटुंबासाठी ही होडी निर्माण झाली त्याच्या दृष्टीने जुनी रचनाच श्रेष्ठ आहे, आणि मिरर होड्यांपैकी बहुसंख्य अद्याप त्या आखूड काठ्यांवरच शीड चढवतात.