कुलाब्याची रुजवात

होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, एवढ्या ज्ञानावर आपण जन्म काढतो. परंतु धाग्याला टांगलेली चुंबकपट्टी लोखंडापासून दूर, निवाऱ्याच्या खोलीत ठेवून धीराने न्याहाळली, म्हणजे ती क्षणभरही स्वस्थ नसते असे प्रत्ययास येते. काही सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंतच्या मंद लयीत ती कंप पावते, सूर्याच्या गतीबरोबर दिवसाचा एक झोका घेते आणि सूर्यावर क्षोभ उसळला की तासन्‌तास पिसाटते.

या चांचल्याचे दप्तर मुंबईस फार लवकर उघडले गेले. कंपनी सरकारने 1826 मध्ये कुलाब्यास वेधशाळा बांधली. एल्फिन्स्टन संस्थेचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी 1841 मध्ये तेथे चुंबकीय वेध सुरू केले आणि 1846 पासून त्यांत खंड पडला नाही. त्या काळी तेथे छायालेखन नव्हते. सुईची स्थिती डोळ्यांनी पाहून नोंदवहीत उतरवावी लागे. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडात खगोलज्ञ कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर प्रखर ज्वाला दिसली आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या क्षितिजसमांतर चुंबकीय बलात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घट झाली. तो आकडा आपल्या हाती आहे, तो त्या दिवशी वहीपासून न हललेल्या वेधकर्त्यांमुळे. त्यांच्या निष्ठेचे मोल मला ज्वालेच्या दर्शनाहून कमी वाटत नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामची तजवीज होऊ लागली. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह सुईस भ्रमविणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागेस जागा निवडली आणि चुंबकीय गुण नसलेले साहित्य पारखून घेऊन 1904 मध्ये तेथे नवी वेधशाळा उभारली. (अलिबाग त्या वेळी कुलाबा जिल्ह्याचेच ठाणे, म्हणून नावापुरते कुलाबा सुटलेच नाही.) स्थलांतर करून जुने दालन तत्काळ बंद करणे हुकुमाच्या एका ओळीचे काम होते, पण मूस यांनी तसे न करता 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन, चोख दप्तरदार जुन्या खात्याची नव्याशी रुजवात घालतो त्याप्रमाणे, दोन्ही आकड्यांचा मेळ बसविला. 1907 मध्ये ट्राम धावू लागली, तोवर सुई सुरक्षित स्थळी पोहोचली होती. आणि 1846 पासून 1905 पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी मूस यांनी 1910 मध्ये दोन भागांत छापून काढल्या.

आजही सूर्यावर वादळ उठले म्हणजे अलिबागेची सुई किती ढळली ते 1859 च्या त्या नोंदीशी ताडून पाहता येते.