फॉरमॅट मारण्याआधी

धुळ्या-जळगावकडच्या डीटीपीवाल्यांचा एक नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण पाळतात सगळे: नवी विंडोज टाकायची ती चातुर्मासात. आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. दुकानाला उसंत तेवढीच. कंपनीने विंडोज 95 बाजारात आणली ऑगस्ट 1995 मध्ये, विंडोज 98 जून 1998 मध्ये, एक्सपी ऑक्टोबर 2001 मध्ये. आमच्या गल्लीत त्या आल्या आमच्या पंचांगाप्रमाणे, कधी वर्षाने, कधी तीन वर्षांनी. चातुर्मासाच्या अगदी तोंडाशी मेळ बसला तो एकदाच. विंडोज 10 आली 29 जुलै 2015 ला, आषाढीनंतर दोनच दिवसांनी. तरी ती त्या वर्षी आमच्यापैकी कुणी टाकली नाही. का नाही, हे सांगायचं तर लग्नपत्रिकेपासून सुरुवात करावी लागेल.

खानदेशातल्या पत्रिकेत नवरा-नवरी दोन ओळींत आटोपतात. बाकी सगळा कागद भाऊबंदकीचा. प्रेषक, निमंत्रक, कार्यवाहक, मामा मंडळी, मेहुणे मंडळी, चिल्लीपिल्ली. प्रत्येक नावापुढे कंसात हुद्दा: माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कंडक्टर शिरपूर डेपो, वायरमन. थोरल्याचं नाव आधी, धाकट्याचं मागून. एक नाव राहिलं तर लग्न लागतं, पण पंगतीला माणसं कमी बसतात. म्हणून गिऱ्हाईक कोरा कागद घेऊन येतच नाही. मागच्या लग्नाची छापील पत्रिका घेऊन येतं आणि म्हणतं, "ताई, हीच काढा, थोडं इकडचं-तिकडं करायचं आहे." मधल्या काळात कुणी सरपंच झालेलं असतं, कुणी माजी झालेलं असतं, आणि दोघा-तिघांच्या नावाआधी 'कै.' लावायचं असतं.

दुकानाची कमाई या जुन्या फायलींवर चालते. नव्याने तेवढी नावं टाईप करायची तर दुपार जाते; फाईल सापडली तर पंधरा मिनिटांत प्रूफ हातात. मशीन कुणीही घेईल, पण शिंदखेड्याच्या अमुक गावच्या अमुक भाऊबंदांची यादी आमच्याकडे आहे म्हणून गिऱ्हाईक आमच्याकडे येतं. आणि नवी विंडोज आली की पहिला धोका याच यादीला.

आमचा मूळ धंदा टायपिंग क्लासचा. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, धुळ्यात सुरू केला. धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या सरळ रेषेत आहेत. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने नवी वस्ती आखली तिचा हा वारसा. (दोनशे वर्षं झाली, ब्रिग्जच्या आखणीची कुणी नवी आवृत्ती काढलेली नाही आणि पत्ता अजून सापडतो.) हॉलमध्ये रेमिंग्टन आणि गोदरेजची मराठी यंत्रं ओळीने मांडलेली. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा, मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. त्या यंत्राची एक रीत बोटांत बसायला दोन महिने लागत: पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. ख, ध, भ, श ही अक्षरं अर्धी मारून पुढे काना द्यायचा. तोंडाने 'कि' म्हणायचं आणि बोटांनी उलट्या क्रमाने लिहायचं. ज्यांच्या बोटांत हे बसलं ते कोर्टात, कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत चिकटले. गोदरेजने 2009 मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, परीक्षाही पुढे कॉम्प्युटरवर गेली. बोटांची मांडणी मात्र तीच राहिली, आणि पुढच्या सगळ्या कटकटी तिच्याभोवती फिरतात.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला मराठी येत नव्हतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड मशीनमध्ये खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. ते आम्ही सरकारी कचेरीत पाहिलं, घ्यायची ऐपत नव्हती. आमच्यापर्यंत पोहोचले ते विंडोजवरचे फॉन्ट: श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचा सुरेख. या सगळ्यांची युक्ती एकच. कॉम्प्युटरला वाटे इंग्रजी अक्षरं लिहिली आहेत. फॉन्ट त्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे दाखवी. अर्धा भ एका इंग्रजी चिन्हाच्या जागी, काना दुसऱ्याच्या जागी. टाइपरायटरची रीत जशीच्या तशी चालली म्हणून आप्पांनाही ते दोन दिवसांत जमलं. पण फॉन्ट गेला की मागे राहते ती इंग्रजी अक्षरांची भेळ.

आणि फॉन्ट जायचा, तो फॉरमॅट मारताना. आमच्याकडे विंडोज बदलणं, व्हायरस काढणं, मशीन हळू चालतं म्हणून वैतागणं या सगळ्यांवर एकच इलाज होता: फॉरमॅट मारून घ्या. मुलगा यायचा, खिशात सीडी, सीडीवर मार्करने लिहिलेला नंबर. ती सीडी अस्सल होती असं मी म्हणणार नाही. त्या काळात खानदेशात अस्सल सीडी पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. त्याला एकच ताकीद द्यायची, "डी ड्राइव्हला हात लावू नको." फायली डीवर असत. पण फॉन्ट असत सी ड्राइव्हवर, विंडोजच्याच फोल्डरात. सी पुसला की फायली शाबूत आणि वाचायला डोळे नाहीत अशी गत. साक्रीकडचे एक बापू प्रूफ बघायला आले आणि पडद्याकडे पाहून म्हणाले, "ताई, मन्हं नाव कोठे गयं?" नाव तिथेच होतं. फॉन्टची फ्लॉपी सापडेपर्यंत ते त्यांना दाखवता येत नव्हतं, एवढंच.

1998 हे वर्ष विशेष लक्षात आहे. विंडोज 98 बाजारात आली 25 जूनला आणि बरोबर सहा दिवसांनी, 1 जुलैला, धुळे जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव सगळे तिकडे. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा कारकुनांनी शाई किती संपवली असेल देव जाणे. आम्ही त्या चातुर्मासात एकेक फाईल उघडून 'जि. धुळे' शोधत होतो आणि जिथे गाव तिकडचं तिथे 'जि. नंदुरबार' करत होतो. लेटरहेड, बिलबुकं, पतसंस्थांची पासबुकं. विंडोज 98 तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

एक्सपी मात्र आवडली. हँग कमी व्हायची, आणि तिच्यात पहिल्यांदा युनिकोड, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या आड न लपलेलं मराठी आमच्या नजरेस पडलं. ते चालू करायला कंट्रोल पॅनलमध्ये भाषेच्या खिडकीत एक टिक करावी लागे, मग ती सीडी मागे. सीडीचं एक विशिष्ट फोल्डर दाखवलं नाही तर पुढे सरकत नसे. एवढं करून दिसायचा मंगल फॉन्ट, आणि त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. नवरीचं नाव शीतल असेल तर पाहणाऱ्याला खटकणारच. राज्य सरकारने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा असावा असं ठरवून दिलं. पत्रिकेवाल्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, कारण गिऱ्हाईक प्रूफवर बोट ठेवून सांगे. शिवाय आम्ही ज्यात पानं लावायचो त्या पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. त्याची शेवटची आवृत्ती, 7.0, निघाली 2001 मध्ये. नवी भाषा शिकायला तो पुढे जगलाच नाही. आमच्या दुकानांत मात्र अजून जगतो आहे.

खरा दणका बसला 64 बिटच्या विंडोजने. जुने 16 बिटचे प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत, आणि सहीशिक्क्याशिवायचे ड्रायव्हर ती आत घेत नाही. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक लॉक असे, प्रिंटरच्या लांबट पोर्टला मागून खोचायचं, अंगठ्याएवढं. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये त्या काळी यावर दोन इलाज मिळत: एक तर पोर्टचं वेगळं कार्ड, नाहीतर जुनं मशीन. पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने मांडीवर जुना सीपीयू घेऊन आलेले डीटीपीवाले मी पाहिले आहेत. जळगावच्या डाळ मिलवाल्यांचंही हेच दुखणं. त्यांचा हिशेब डॉसच्या प्रोग्रॅमवर, बिल डॉट मॅट्रिक्सवर, कार्बन लावून तीन प्रती. मुनीमजी नव्या विंडोजपुढे बसायला तयार नाहीत आणि मालकाला वेळ नाही. त्यांची सोडवणूक विंडोजने केली नाही, जीएसटीने केली. 1 जुलै 2017 नंतर जुन्या प्रोग्रॅममधून विवरण भरणं शक्यच उरलं नाही, आणि एका उन्हाळ्यापूर्वी हट्ट करणारे मुनीमजी टॅलीच्या क्लासला दिसू लागले.

तर 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधार बंद झाला तेव्हा आमच्या कोपऱ्यात एक्सपीचं मशीन होतं, लॉकसकट. आजही आहे. पुढे 2015 मध्ये विंडोज 10 कुणी टाकली नाही ती यामुळेच. नेट जोडलेलं नाही, म्हणून व्हायरसचं भय नाही. मे महिन्यात कूलर माणसांकडे नसला तरी त्याच्याकडे असतो.

कोर्टात गेलेल्या आमच्या मुलामुलींची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त रंजक वाटते. 2007 मध्ये ई-कोर्ट प्रकल्प सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण धरलं आणि देशभरच्या जिल्हा-तालुका न्यायालयांत विंडोजच्या जागी उबुंटू आलं. खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस पुण्याच्या एनआयसीने तयार केलं. म्हणजे आमच्या क्लासमध्ये रेमिंग्टनवर शिकून, घरी एक्सपीवर हात बसवून नोकरीला लागलेली स्टेनो सकाळी अकराला उबुंटूपुढे. बाहेरच्यांना वाटतं अडचण मेन्यू कुठे आहे याची असेल. मेन्यू चार दिवसांत सापडतो. रविवारी क्लासवर येऊन मुली विचारत त्या वेगळ्याच गोष्टी. रेमिंग्टनची मांडणी यात कुठून चालू करायची? मंगल नाही, लोहित नावाचा फॉन्ट आहे, त्यात पान का वाढतं? वकिलाने वर्डमध्ये करून दिलेला मजकूर लिब्रेऑफिसमध्ये उघडला की शेवटची ओळ एकटीच नव्या पानावर जाते, आणि सही त्या ओळीखाली! त्यावर मुलींनी स्वतःच तोड काढली. समास किती, फॉन्ट किती पॉइंटचा, दोन ओळींत अंतर किती, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं आणि आलेला मजकूर आधी त्या मापात बसवायचा. ती वही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली. माझं मत असं की सरकारने लाखो रुपयांचं लायसन्स वाचवलं त्यात त्या वहीचा वाटा मोठा आहे, पण तिचा उल्लेख कुठल्या अहवालात येणार?

आणि तरी या उबुंटूमुळे एक फायदा झाला. कोर्टातली पोरं युनिकोडवर पक्की झाली. रेमिंग्टनने वेलांटी आधी मारली तरी युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. बोटं जुन्या क्रमाने चालतात, मधला प्रोग्रॅम क्रम बदलून घेतो. आप्पांना हे मी समजावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग बोटायले सांगू नको."

आता विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ची चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा, त्यामुळे आमच्यातली निम्मी मशीनं दारातच अडतात. वाढीव मुदत घेतली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेची डागडुजी मिळते. माझा मुलगा म्हणतो, एक नवं घे, जुनी एक्सपी त्याच्याच पोटात आभासी मशीन करून चालव, कोपरा मोकळा कर. तो बरोबर आहे. स्टार्टचं बटण मधोमध गेलं त्याचं मला काही वाटत नाही, सेटिंगमधून ते डावीकडे आणता येतं. प्रश्न वेगळाच झाला आहे. गिऱ्हाईक आता जुनी पत्रिका आणत नाही, मोबाईलवर नावं टाईप करून पाठवतं. ती युनिकोड. मी ती उलटी फिरवून श्रीलिपीत करते, पेजमेकरमध्ये बसवते, छापते. वीस वर्षं जुन्याचं नवं करायची धास्ती घेतली, आणि आता रोज नव्याचं जुनं करते आहे.

म्हणून यंदाच्या चातुर्मासात याद्या युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं आहे. आधी शिरपूर-शिंदखेडा, मग साक्री, मग पारोळा-अमळनेर. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं चुकवतो, 'ऱ्हा' तर हमखास, त्यामुळे प्रत्येक यादी त्या घरातल्या कुणाला तरी फोनवर वाचून दाखवावी लागणार. तेवढ्यात कुणाच्या नावापुढचं 'माजी' आणि कुणाच्या नावाआधीचं 'कै.' हेही उरकून घेता येईल. मुलगा म्हणतो, हे फुकट कर, गिऱ्हाईक टिकतं. मी पानामागे पैसे लावणार आहे.