बालहत्याप्रतिबंधक गृह व नांवांचें गुपित

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास स्वतःच्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, तें इ. स. १८६३ त. तेथें गुप्तपणें बाळंत झालेल्या विधवांची संख्या जोतीरावांनीं १८८४ च्या टिपणांत ३५ दिली आहे. गर्भावस्थेंत दिलेल्या विषारी औषधांमुळें ३० मुलें दगावलीं, ५ वांचलीं, असें ते लिहितात. म्हणजे आश्रयापूर्वींच घात होत असे. मूळ कारण बालविवाह व सक्तीचें वैधव्य. कर्व्यांनीं १८९६ त अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली व पुढें विधवांस निवासासह शिक्षण दिलें. हा उपाय संकटाच्या आधींचा होय.

दप्तरसंग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, अशा गृहांचे कागद हातीं आल्यास सन व संख्या छापाव्या, नांवें झांकावीं. गुप्ततेच्या भरंवशावरच त्या मुलींनीं तो उंबरठा ओलांडिला होता.