गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यान

अमेरिकेच्या अलास्का राज्यात आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस असलेले, रस्ते व आखीव पायवाटा नसलेले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ लगतच्या राखीव क्षेत्रासह सु. ३४,००० चौ. किमी. वनतज्ज्ञ रॉबर्ट मार्शल यांनी १९२९ पासून ब्रुक्स पर्वतरांगेत (पहा : अलास्का) पायी समन्वेषण केले; कोयुकुक नदीच्या उत्तर फाट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या शिखरांना ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ हे नाव त्यांनीच दिले. उद्यानाची स्थापना १९८०. येथील चाल जमीनच ठरवते : कापूसगवताचे डुगडुगणारे गड्डे, मधल्या फटींत साचलेले पाणी, विलोची दाट झुडपे (पहा : टंड्रा). कॅरिबूंच्या वाटा सोयीच्या. मात्र त्या माणसाच्या मुक्कामाकडे जातीलच असे नाही. नद्यांवर पूल नसल्याने उतार शोधून त्या ओलांडतात. बहुतेक प्रवासी लहान विमानाने येतात. नूनामिउट या मूळ रहिवाशांचे अ‍ॅनाक्टुवुक पास हे गाव उद्यानाच्या हद्दीतच आहे.